जनुकपरिवर्तित डासांच्या जोखीम-मूल्यमापनाची परिभाषा : एक परीक्षण

ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फ्लॉरिडा कीज या द्वीपमालेतील की हेवन नावाच्या लहानशा वस्तीसंबंधी एक पर्यावरणीय मूल्यमापन प्रसिद्ध केले. ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीने प्रयोगशाळेत घडविलेल्या ‘ओएक्स ५१३ ए’ या वाणाचे एडीस इजिप्ती जातीचे नर डास तेथे मोकळ्यावर सोडावयाचे होते आणि त्यापासून परिसराला काय जोखीम आहे, हे ठरवावयाचे होते. प्रशासनाचा निर्णय असा झाला की, या प्रयोगाचा परिसरावर लक्षणीय परिणाम होणार नाही. कीटकशास्त्र, विषशास्त्र आणि कायदा यांच्या सरहद्दीवरचा हा दस्तऐवज भाषेच्या अभ्यासकाने वाचावयाचा नव्हे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु तो बारकाईने वाचू लागले की ध्यानात येते ते असे, की त्यातील कित्येक निर्णय मोजमापाने झालेले नसून व्याख्येने झालेले आहेत. काय मोजावयाचे हे ज्या शब्दांनी ठरले, त्या शब्दांची तपासणी मात्र दस्तऐवजात कोठेच नाही. या वाणाविरुद्ध पुढे जे लिहिले गेले त्यातही ती नाही. प्रस्तुत परीक्षणाचा रोख या उणिवेकडे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. एडीस इजिप्ती हा डास डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका आणि पीतज्वर या रोगांचे विषाणू वाहून नेतो. चावते ती फक्त मादी. ओएक्स ५१३ ए या वाणात एक असे जनुक घातलेले आहे की, ते कार्यरत झाले असता पेशींत एका प्रथिनाचा अतिरेकी संचय होतो आणि कीटक प्रौढ होण्यापूर्वीच मरतो. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिळत राहिल्यास हे जनुक दबून राहते; म्हणूनच कारखान्यात हे डास वाढविता येतात. बाहेर सोडलेला नर रानटी मादीशी संग करतो, संतती जन्मते, तिला टेट्रासायक्लिन मिळत नाही आणि अळीच्या किंवा कोषाच्या अवस्थेत ती मरते. या वाणाचे वर्णन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातच प्रतिजैविकावाचूनही संततीपैकी शेकडा तीन-चार कीटक प्रौढावस्थेपर्यंत पोहोचतात, असे नमूद होते. हा आकडा लपविलेला नव्हता, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. पुढे वाद झाला तो आकड्यावर पांघरलेल्या शब्दांमुळे.

त्यांतील पहिला शब्द ‘वंध्य’. वंध्य कीटक सोडून कीटकांचा नाश करण्याची पद्धती जुनी आहे. एडवर्ड निप्लिंग या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाच्या कल्पनेनुसार १९५४ मध्ये क्युरसाव बेटावर किरणोत्साराने वंध्य केलेल्या स्क्रूवर्म माश्या सोडण्यात आल्या आणि तेथून त्या माशीचे उच्चाटन झाले. त्या प्रयोगात ‘वंध्य’ या शब्दाला काटेकोर अर्थ होता : अशा नराशी संग केलेल्या मादीची अंडी उबतच नाहीत. ओएक्स ५१३ ए चा नर या अर्थाने वंध्य नाही. तो पूर्णपणे जननक्षम आहे. त्याची अंडी उबतात, अळ्या पाण्यात वाढतात, खातात, इतर अळ्यांच्या तोंडचे अन्न घेतात आणि मग मरतात. किंबहुना हा उशिरा येणारा मृत्यू ही योजनेतील चूक नसून तिचे मर्म आहे. डबक्यात गर्दी असेल तर काही अळ्या उपासमारीनेच मरणार असतात. अंडी अगोदरच नष्ट केली तर उरलेल्यांना ते अन्न मिळून त्या अधिक संख्येने जगतात. मरणारी अळी मरण्यापूर्वी स्पर्धा करते, यात या वाणाची खुबी आहे.

असे असता वृत्तपत्रांनी, आणि प्रसंगी पुरस्कर्त्यांनीही, या नरांना सर्रास ‘वंध्य’ म्हटले. केवळ सुलभीकरण म्हणून याकडे दुर्लक्ष करता येत नाही. कारण नर वंध्य आहे असे म्हटले की परिसरात येते ती एकच गोष्ट, म्हणजे स्वतः तो नर. आणि तो काही दिवसांत मरतो. नर जननक्षम आहे असे म्हटले की परकीय प्रथिन अंगात असलेल्या असंख्य अळ्या पाण्यात येतात, आणि त्या खाणाऱ्यांचे काय होते हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न विचारला गेला, ही समाधानाची बाब आहे. टॉक्सोऱ्हिंकायटिस या, इतर डासांच्या अळ्या खाणाऱ्या डासाला या वाणाच्या अळ्या चारून पाहण्यात आल्या आणि अपाय दिसला नाही, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ज्यांनी ‘वंध्य’ हा शब्द खरा मानला असेल, त्यांना ही चाचणी कशासाठी केली हेच कळणार नाही.

दुसरा शब्द ‘औषध’. अमेरिकेत २००९ पासूनच्या धोरणानुसार प्राण्याच्या जनुकसंचात घातलेली नवी रचना ही ‘प्राण्यांसाठीचे नवे औषध’ या सदरात मोडत असे, कारण प्राण्याच्या शरीररचनेवर किंवा शरीरकार्यावर परिणाम घडविणारी वस्तू ती औषध, अशी कायद्याची व्याख्या. त्यामुळे डासाच्या संततीला मारणारी रचना डासाचे औषध ठरली. औषधाच्या कायद्यात ‘हे औषध घेणाऱ्या प्राण्यास सुरक्षित आहे काय’ असा प्रश्न असतो. येथे तो प्रश्न विचारणेच हास्यास्पद होते. पण या वर्गीकरणाचा खरा परिणाम विनोदाहून गंभीर आहे. औषध म्हणजे घातलेली रचना. म्हणून मूल्यमापनाचा केंद्रबिंदूही ती रचनाच राहिला : ती टिकते काय, पसरते काय, तिचे प्रथिन विषारी आहे काय. ज्या डासाच्या देहात ती रचना बसविली आहे, त्या डासाचा उरलेला जनुकसंच हा औषधाचा भाग नसल्यामुळे प्रश्नांच्या परिघावर गेला.

ऑक्टोबर २०१७ मध्ये अशा डासांचा कारभार पर्यावरण संरक्षण संस्थेकडे सोपविण्यात आला, कारण आता ते ‘औषध’ नसून ‘कीटकनाशक’ ठरले होते. डास तेच राहिले, प्रश्न बदलला. कीटकनाशकाच्या कायद्यात परिसराला ‘अवाजवी’ अपाय होतो काय हे पाहावयाचे असते, आणि काय वाजवी व काय अवाजवी हे फायद्याशी तोलून ठरते. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर पहिल्या व्यवस्थेत डास हा कर्म होता, दुसऱ्या व्यवस्थेत तो करण झाला. आणि वाक्यातील विभक्ती बदलली म्हणजे त्याविषयी विचारावयाचा प्रश्नही बदलतो. एकाच जीवाला वर्षभरात दोन नावे मिळावीत आणि प्रत्येक नावाबरोबर जोखमीचा अर्थ वेगळा व्हावा, याहून परिभाषेच्या सामर्थ्याचे दुसरे उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

उरलेल्या जनुकसंचाचा प्रश्न ब्राझीलमधून पुढे आला. बाहिया राज्यातील जाकोबिना या गावी २०१३ ते २०१५ या काळात, सत्तावीस महिने, आठवड्याला सुमारे साडेचार लाख या प्रमाणात ओएक्स ५१३ ए चे नर सोडण्यात आले होते. येल विद्यापीठातील जेफ्री पॉवेल आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील डासांच्या जनुकसंचाची तपासणी करून सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. नमुना आणि निकष यांनुसार शेकडा दहा ते साठ डासांमध्ये सोडलेल्या वाणाच्या जनुकसंचाचा काही अंश आढळला. हा वाण मूळचा क्यूबा व मेक्सिको येथील डासांच्या संकरातून आलेला असल्यामुळे तो अंश ओळखता आला. शेकडा तीन-चार संतती जगते हे एकदा मान्य केल्यावर, लक्षावधी नर सोडल्यानंतर असे काही होणार हे कागद-पेन्सिलीनेही सांगता आले असते. तेव्हा ‘आश्चर्य’ म्हणून त्याची जी वार्ता झाली, ती दोन्ही पक्षांना शोभणारी नव्हती. ‘बहुतेक सर्व मरतात’ हे वाक्य ‘सर्व मरतात’ असे ऐकले गेले होते, आणि ज्यांनी ते उच्चारले त्यांनी ऐकणाऱ्याची चूक दुरुस्त करण्याची घाई केली नव्हती.

परंतु येल येथील लेखही भाषेच्या कसोटीस उतरत नाही, हे तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. त्याच्या शीर्षकात जनुकपरिवर्तित डास नैसर्गिक डासांत ‘जनुके’ संक्रमित करतात, असे विधान आहे. विधान अक्षरशः खरे आहे. पण वाचक ‘जनुके’ म्हणजे प्रयोगशाळेत घातलेली जनुके असे समजणार, हे लेखकांना कळावयास हवे होते. संक्रमण झाले होते ते क्यूबा-मेक्सिकोकडील डासांच्या स्वाभाविक जनुकांचे. दुसरे असे की, या संकरातून अधिक कणखर डास निर्माण झाले असावेत, अशी शक्यता लेखात वर्तविलेली होती. त्या शक्यतेला पुरावा नव्हता. उलट डेंग्यू व झिका यांच्या तपासलेल्या विषाणूंच्या बाबतीत सोडलेला वाण आणि स्थानिक डास यांत महत्त्वाचा फरक आढळला नाही, असे त्याच लेखात होते. मार्च २०२० मध्ये नियतकालिकाने या लेखासंबंधी संपादकीय साशंकता प्रकट केली. काही सहलेखकांनीही लेखाच्या मांडणीपासून स्वतःला अलग केले. दुर्दैव असे की, या गदारोळात लेखातील खरोखर मोलाची गोष्ट बाजूस पडली : रचना नाहीशी झाली तरी सोडलेल्या प्राण्याचा काही ठसा मागे राहतो, आणि तो अपायकारक आहे की नाही हा स्वतंत्र प्रश्न आहे. ‘परिणाम’ आणि ‘अपाय’ हे दोन शब्द समानार्थी धरणाऱ्या विरोधकांनी या शोधाला अपाय म्हटले. परिणाम दिसला तरी अपाय नाही म्हणून परिणामच नाही, असे कंपनीच्या बाजूने सुचविले गेले. दोघांनीही एकच चूक दोन दिशांनी केली.

‘स्वयंमर्यादित’ या शब्दाचे तर असे झाले आहे की, तो आता एका गुणाचे नाव न राहता एका वंशाचे आडनाव बनला आहे. ओएक्स ५१३ ए स्वयंमर्यादित, कारण त्याची संतती मरते. त्यानंतर आलेला ‘ओएक्स ५०३४’ हा वाणही स्वयंमर्यादित. पण त्यात मरतात त्या केवळ मादी. पुत्र जगतात, जनुक वाहतात, त्यांच्या निम्म्या संततीला ते देतात. जनुकाचे प्रमाण पिढीगणिक घटत जाऊन ते नाहीसे व्हावे, अशी येथे अपेक्षा आहे. दोन्हींमध्ये शेवटी जनुक उरत नाही हे साम्य खरे. पण पहिल्या वाणात नराचे जगणे हा अपवाद होता, दुसऱ्यात तो नियम आहे. जोखीम-मूल्यमापन करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मूलभूत आहे : जनुक किती पिढ्या राहील, किती दूर जाईल, कीटकनाशकाला दाद न देण्याचा गुण त्याबरोबर वाढेल की घटेल, हे सर्व हिशेब वेगळे होतात. या दुसऱ्या वाणाला पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये प्रायोगिक परवाना दिला, आणि २०२१ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर फ्लॉरिडा कीजमध्ये त्याची अंडी मांडली गेली. ब्राझीलमध्ये तर ती अंडी पेट्यांतून ग्राहकांना विकली जाऊ लागली; पेटीत पाणी ओतावे की डास निघतात. घरोघरी विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ‘सोडणे’ ही क्रिया कोण करतो, हा कर्तरी-कर्मणीचा प्रश्न निव्वळ वैयाकरणांपुरता राहत नाही.

या सर्व टीकेचा अर्थ की हेवनचे मूल्यमापन फोल होते, असा घेऊ नये. त्याचा एक भाग भक्कम आहे. एडीस इजिप्ती हा अमेरिका खंडाचा मूळ रहिवासी नव्हे. तो आफ्रिकेतून जहाजांबरोबर तेथे गेला. माणसाच्या घराभोवती, कुंड्यांत आणि टायरांत तो राहतो. तो नाहीसा झाल्याने तेथील एखादा पक्षी किंवा मासा उपाशी राहील, असे मानण्यास आधार नाही, हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. शिवाय जोखीम कशाच्या तुलनेत, हा प्रश्न टीकाकारांनी बहुधा टाळला आहे. डास सोडले नाहीत तर परिसर निर्मळ राहतो असे नाही. तेथे कीटकनाशकांची फवारणी चालूच असते, आणि ती मधमाशी व फुलपाखरू यांना ओळखत नाही. मूल्यमापनाची खरी उणीव ‘नगण्य’ या शब्दाच्या वापरात आहे. जोखीम म्हणजे घटनेची संभाव्यता आणि तिच्या परिणामाची तीव्रता यांचा गुणाकार, असे धरून एकेक शक्यता तपासली जाते आणि प्रत्येकीपुढे ‘नगण्य’ असा शेरा पडतो. कोठे हा शेरा मोजमापातून आलेला असतो, कोठे पुरावा न सापडल्यामुळे, तर कोठे परिणाम कोणाला महत्त्वाचा वाटावा याविषयीच्या गृहीतातून. तिन्ही ठिकाणी शब्द एकच. ‘मोजले व अल्प आढळले’ आणि ‘आढळले नाही’ यांत भेद करणारी दोन रूपे ज्या परिभाषेत नाहीत, ती परिभाषा अपुरी आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१३ मध्ये जनुकपरिवर्तित प्राण्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तीत अनिश्चितता वेगळी नोंदविण्याचा आग्रह आहे. त्या मानाने की हेवनचा दस्तऐवज अधिक निश्चयी आणि म्हणून अधिक दुबळा वाटतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये याच प्रश्नावर लोकमत घेण्यात आले. मन्रो परगण्याच्या मतदारांनी एकंदरीत अनुकूल कौल दिला; खुद्द की हेवनने प्रतिकूल. तेथे तो प्रयोग झालाच नाही. ज्यांच्या अंगणात डास सुटणार होते आणि ज्यांच्या अंगणात सुटणार नव्हते, त्यांनी एकच शब्द दोन अर्थांनी वाचला, याचे नवल वाटू नये. ‘नगण्य’ मध्ये गणणारा कोण, हे अध्याहृत असते.

लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी कंपनीने जी नावे योजली, ती या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. ब्राझीलमध्ये ‘भल्याचा एडीस’ अशा अर्थाचे पोर्तुगीज नाव, इतरत्र ‘फ्रेंडली’ म्हणजे मित्र-डास. नावातच मूल्यमापनाचा निकाल सांगून टाकण्याची ही रीत शास्त्रीय नाही, एवढे म्हणणे पुरे आहे. याच्या उलट प्रयत्न आफ्रिकेत झाला. मलेरियाच्या डासांवर काम करणाऱ्या ‘टार्गेट मलेरिया’ या संघटनेने माली, बुर्किना फासो आणि युगांडा येथील स्थानिक भाषांत जनुक, जनुकपरिवर्तन इत्यादींसाठी शब्द ठरविण्याचे काम स्थानिक लोकांना बरोबर घेऊन केले. त्याचा वृत्तान्त २०२१ मध्ये ‘मलेरिया जर्नल’ मध्ये आला. हा उपक्रम स्तुत्य आहे. तथापि, डास सोडू इच्छिणाऱ्यानेच डासाचे वर्णन करणारे शब्द घडवावेत, यातील अवघडलेपण नाकारता येत नाही; विक्रेत्याने स्वतःचे तराजू आणावे तसे ते आहे. बुर्किना फासोतील बाना या गावी १ जुलै २०१९ रोजी सोडलेले नर खरोखरच वंध्य होते, आणि तेथे तो शब्द यथार्थ होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच देशात निराळ्या, वंध्य नसलेल्या वाणाचे नर सोडण्यात आले आणि काही दिवसांतच तेथील शासनाने ते काम थांबविले.

भारतात अशी घटना त्यापूर्वी पन्नास वर्षे घडून गेली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचे डासांच्या जननिक नियंत्रणाचे केंद्र १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात दिल्लीत काम करीत होते. सोनीपत येथे एडीस इजिप्ती डास सोडण्याची सिद्धता झालेली असताना, १९७५ मध्ये, वृत्तपत्रांतील आरोप आणि संसदेच्या लोकलेखा समितीचा अहवाल यांमुळे ते सर्व थांबले. हा जैविक युद्धाचा पूर्वाभ्यास तर नव्हे, अशी शंका घेतली गेली होती. त्या काळी जनुकपरिवर्तन नव्हते. नर वंध्य करण्यासाठी थायोटेपा हे रसायन वापरीत, आणि ते पाण्यात उतरेल काय हा जोखमीचा एक खरा प्रश्न होता. परंतु वादात तो मागे पडला आणि पुढे आला तो ‘हे कोणासाठी चालले आहे’ हा प्रश्न, ज्याचे उत्तर कोणत्याही कोष्टकात नव्हते.

मराठीशी या विषयाचा प्रत्यक्ष संबंध जानेवारी २०१७ मध्ये आला. जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे, पिंजऱ्याच्या आत, ओएक्स ५१३ ए च्या चाचण्या सुरू करण्यात येत असल्याचे जाहीर झाले. पिंजऱ्यातील चाचणी म्हणजे सोडणे नव्हे, हे खरे; पण सोडण्याविषयीची चर्चा मराठीत करावयाची झाल्यास शब्द कोणते आहेत, हे पाहण्याचा तो प्रसंग होता. मराठीत रूढ शब्द आहे ‘जनुकीय सुधारित’. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाल्यापासून वृत्तपत्रांनी तो घरोघरी पोहोचविला. ‘सुधारित वाण’, ‘सुधारित बियाणे’ हे शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द त्यामागे आहेत, आणि त्यांत ‘पूर्वीपेक्षा चांगले’ असा स्पष्ट निर्वाळा आहे. इंग्रजी मूळ शब्द केवळ बदल सांगतो. मराठी प्रतिशब्द बदलाचे प्रशस्तिपत्र देतो. सुधारित डासापासून जोखीम आहे काय, असा प्रश्न मराठीत विचारणे म्हणजे सज्जन चोराची चौकशी करण्यासारखे आहे.

याच्या नेमके उलट ‘धोका’ या शब्दाचे. इंग्रजीत अपाय करण्याची अंगभूत क्षमता आणि तो अपाय प्रत्यक्ष घडण्याचा संभव यांना दोन शब्द आहेत, आणि सारे मूल्यमापन त्या भेदावर उभे आहे. मराठीत दोहोंना ‘धोका’ म्हणण्याचा प्रघात आहे. शिवाय त्या शब्दाला दगाबाजीचीही एक छटा आहे. ‘जोखीम’ हा व्यापाऱ्यांचा, हुंडी आणि माल यांच्याबरोबर वावरलेला शब्द हाताशी असताना तो टाळण्याचे कारण दिसत नाही : जोखीम पत्करणारा कोणीतरी असतो, हेही त्यात आपोआप येते. ‘वंध्य’ च्या जागी ‘निर्बीज’ वापरण्याची सूचना होऊ शकेल. परंतु निर्बीजीकरण म्हटले की शस्त्रक्रिया आठवते, आणि मुख्य म्हणजे ओएक्स ५१३ ए च्या बाबतीत तो शब्दही तितकाच असत्य आहे. त्या नरासाठी ‘अल्पायुसंतती’ यासारखा एखादा वर्णनात्मक शब्द योजावा लागेल. तो अवघड वाटेल. पण तो ऐकणारा माणूस निदान ‘किती अल्प?’ एवढे विचारील, आणि त्याला शेकडा तीन-चारांचा आकडा सांगावा लागेल.